कादंबरी लिहिताय? मग लेखनस्पर्धांचा असा उपयोग करून घ्या

कादंबरी लिहायला घेतलेली माणसं आपल्या इंदूरमध्ये कमी नाहीत. लोकमान्य नगर घ्या, रामबाग घ्या, राजेंद्र नगर घ्या, कुणाच्या ना कुणाच्या लॅपटॉपमध्ये नाहीतर कपाटातल्या फाइलमध्ये साठ-सत्तर पानं पडलेली असतातच, आणि ती पानं वाईट असतात असं अजिबात नाही, बऱ्याचदा चांगलीच असतात, फक्त पुढे सरकत नाहीत. कारण कादंबरी हे लांबचं काम, दोन-तीन वर्षं कुणी काही वाचत नाही, कुणी तारीख मागत नाही, घरातले कौतुकाने विचारतात "कुठवर आलं?" आणि आपण म्हणतो "चालू आहे".

अशा वेळी स्पर्धांना लिहून पाठवा असं मी सगळ्यांना सांगते. त्यावर लगेच उत्तर येतं की अगं मला कादंबरी लिहायचीये, दोन हजार शब्दांच्या कथेत वेळ कशाला घालवू? प्रश्न बरोबर आहे. समोर दिसली स्पर्धा की दिलेल्या विषयावर काहीतरी लिहून टाकलं, असं केलं तर वेळ खरंच जातो. पण एक पथ्य पाळलं तर तोच वेळ कादंबरीच्या खात्यात जमा होतो. पथ्य असं की प्रत्येक स्पर्धेला जाताना आपल्या कादंबरीतली एक अडचण सोबत न्यायची, एकच, आणि त्या छोट्या लेखनात फक्त तिच्यावर काम करायचं. बक्षीस मिळालं तर उत्तमच, पण ती अडचण सुटली का, हे आपण स्वतः तपासायचं, त्याला परीक्षक लागत नाही.

आधी अडचण शोधा, स्पर्धा नंतर

अडचण शोधायची कशी? कादंबरीची सलग वीसेक पानं प्रिंट काढा आणि दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला द्या. स्वतः वाचू नका, आपण आपलं वाचताना जे लिहायचं राहिलंय तेही मनातल्या मनात वाचून मोकळे होतो. दुसरा माणूस वाचत असताना तुम्ही पेन घेऊन बसा, जिथे तो अडखळला तिथे खूण, जिथे त्याचा आवाज सपाट झाला तिथे खूण, जिथे "हे कोण बोलतंय?" असं त्याने विचारलं तिथे मोठी खूण. वाचन संपलं की सगळ्या खुणा बघून एकच वाक्य लिहायचं. "माझी सगळी पात्रं एकसारखी बोलतात." "मला प्रसंग संपवता येत नाही, मी तो सोडून देते." "पहिल्या दहा पानांत काहीच घडत नाही." "नायिकेच्या मनातलं मीच सांगत बसते." असं काहीतरी. हे वाक्य लिहिताना वाईट वाटतं हे खरं आहे, पण ते मिळालं की अर्धं काम झालं.

मग त्या वाक्याला साजेशी स्पर्धा बघायची. शेवट जमत नसतील तर दिवाळी अंकांच्या कथास्पर्धा, कारण कथेत शेवटापासून पळून जाता येत नाही, आणि कादंबरीवाल्यांना सगळ्यात कमी सराव असतो तो शेवटाचाच. एक कादंबरी लिहायला तीन वर्षं लागली तर तीन वर्षांत तुम्ही एकच शेवट लिहिता हो! कथा लिहिलीत तर वर्षात चार-पाच शेवट हाताखालून जातात. संवाद कच्चे असतील तर एकांकिका लेखनाच्या स्पर्धा, तिथे निवेदन करायला जागाच नसते, रागावलेला माणूस रागावलाय हे त्याच्या बोलण्यातूनच कळायला लागतं. ज्यांनी पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकासारखी स्पर्धा बघितलीये (१९६३ पासून चालू आहे ती) त्यांना माहीत असेल की तासाभरात माणसं उभी करायची म्हणजे काय. पाल्हाळ होत असेल तर अलक स्पर्धा, म्हणजे अति लघु कथा, शंभरेक शब्दांच्या. प्रकरणाच्या शेवटी वाचक पुढचं पान उलटत नाही अशी शंका असेल तर प्रतिलिपीसारख्या ॲपवर मालिका लिहिण्याच्या स्पर्धा असतात, तिथे भागागणिक वाचक राहिले की गळाले ते आकड्यातच दिसतं. तिथली चव वेगळी आहे, सगळ्यांना आवडेल असं नाही, पण भाग कुठे तोडायचा हे शिकायला ती जागा चांगली आहे.

आणि सुरुवात जमत नसेल तर परदेशातल्या कादंबरीच्या स्पर्धांचे नियम वाचा, भाग घ्यायचा नसला तरी वाचा. इंग्लंडमधल्या बाथ नॉव्हेल अवॉर्डला पहिल्या फेरीत कादंबरीचे पहिले ५००० शब्द आणि एका पानात अख्ख्या कादंबरीचा सारांश मागतात. हा नियम आपल्या मराठी कादंबरीला घरच्या घरी लावून बघा. एका पानाचा सारांश लिहिताना बऱ्याच जणांच्या लक्षात येतं की मध्यभागी शंभर पानं नायक नुसता विचार करतोय. सारांशात "मग तो विचार करतो" हे वाक्य तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली की समजून जायचं.

एक उदाहरण, जरा जवळून

आमच्या वाचनाच्या ग्रुपमध्ये एक ताई आहेत, मिल कामगाराच्या घरात वाढलेल्या. इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलवर त्यांची कादंबरी चालू होती. मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या पैशांचा निकाल लागून रक्कम आली २०२३ च्या डिसेंबरमध्ये. म्हणजे बत्तीस वर्षांची कादंबरी! ताईंकडे माहिती प्रचंड, प्रसंग एकाहून एक, पण एवढा काळ बसवायचा कसा हेच कळत नव्हतं, प्रत्येक प्रकरण "त्यानंतर तीन वर्षांनी" असं सुरू व्हायचं आणि वाचणारा दमायचा. अडचण एका वाक्यात लिहिली ती अशी: मला काळ सांभाळता येत नाही.

त्यांनी एका दिवाळी अंकाची कथास्पर्धा निवडली, मर्यादा अडीच हजार शब्द. आता अडीच हजार शब्दांत बत्तीस वर्षं येणं शक्यच नाही. म्हणून त्यांनी एकच रात्र घेतली, अनंत चतुर्दशीची. इंदूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते, आपल्याकडे अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या निघतात, ट्रॉलीवर हलते पुतळे, दिव्यांची रोषणाई, रात्रभर मिरवणूक, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. मिल बंद पडल्या तरी कामगारांनी वर्गणी काढून, कुठून कुठून मदत मिळवून झांक्या चालू ठेवल्या. ताईंचे वडील झांकीच्या लाइटचं काम करायचे.

पहिल्या खर्ड्यात सुरुवात अशी होती:

"अनंत चतुर्दशीचा दिवस होता. आकाशात ढग दाटून आले होते. बाबा सकाळपासूनच अस्वस्थ होते. मिल बंद होऊन आता बरीच वर्षं झाली होती, पण झांकीच्या दिवशी त्यांचं मन अजूनही मिलच्या फाटकापाशीच घुटमळत असे. त्यांना जुन्या दिवसांची आठवण येत होती आणि मनात एक पोकळी जाणवत होती."

शब्द जास्त झाले म्हणून कापायला बसलो. ढग गेले, कारण पुढे पाऊसच नव्हता. अस्वस्थ गेलं, घुटमळणं गेलं, पोकळी गेली. मग ताई म्हणाल्या, की बाबा त्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या टेस्टर खिशात घालायचे, काम असो नसो. हे त्यांनी लिहिलंच नव्हतं! शेवटी सुरुवात झाली ती अशी:

"अनंत चतुर्दशीला बाबांनी सकाळीच टेस्टर खिशात घातला. मिल बंद होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती."

दोन वाक्यं. आठवण, अस्वस्थता, पोकळी सगळं त्या टेस्टरमध्ये आलं, आणि वाचणाऱ्याला ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. शब्दमर्यादा नसती तर ताईंनी ते पाच वाक्यांचं वर्णन कशाला काढलं असतं? कादंबरीत जागा असते ना, म्हणून सगळं राहून जातं.

कथेला बक्षीस मिळालं नाही, उत्तेजनार्थसुद्धा नाही. पण कथा लिहून झाल्यावर काही दिवसांनी ताईंचा फोन आला की मला कळलं कादंबरी कशी लिहायची. प्रत्येक प्रकरण म्हणजे एक अनंत चतुर्दशीची रात्र. मधली वर्षं सांगायचीच नाहीत, कोण म्हातारं झालं, कोण यायचं बंद झालं, झांकी किती लहान झाली यावरूनच ती कळणार. बत्तीस वर्षांचा प्रश्न अडीच हजार शब्दांच्या अटीने सोडवला. आता पानं पुढे जातायत.

तारीख

शेवटच्या तारखेचा फायदा सगळ्यांना माहीत आहे म्हणून त्यावर फार लिहीत नाही. एवढंच सांगते की दिवाळी अंकांचं कॅलेंडर डोक्यात ठेवा. मराठीत १९०९ ला 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून आपलं साहित्याचं वर्ष दिवाळीभोवतीच फिरतंय, त्यामुळे स्पर्धांची आवाहनं साधारण उन्हाळ्यापासून यायला लागतात आणि पावसाळ्यात तारखा संपतात. दिवाळीच्या तोंडावर जागे झालात तर वर्ष गेलं. होळी झाली की कादंबरीतली अडचण ठरवून टाका, मे महिन्यात पहिला खर्डा, मग दोन आठवडे त्याच्याकडे बघायचंही नाही, मग दुसरा खर्डा. आणि स्वतःची तारीख खऱ्या तारखेच्या आठ दिवस आधीची धरा, शेवटच्या रात्री पाठवलेल्या कथेचा शेवटचा परिच्छेद कायम घाईतला असतो, तो वाचणाऱ्याला कळतोच.

स्पर्धेसारखीच पण बक्षीस नसलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. अमेरिकेत १९९९ मध्ये नॅनोरायमो नावाचा उपक्रम सुरू झाला होता, नोव्हेंबरच्या तीस दिवसांत ५०,००० शब्दांचा कादंबरीचा कच्चा खर्डा, म्हणजे रोज साधारण १६६७ शब्द, आणि जो पोचेल तो विजेता, परीक्षक वगैरे कुणी नाही. ती संस्था २०२५ मध्ये बंद झाली पण पद्धत कुणाच्या मालकीची नाही, चार मित्र मिळून व्हॉट्सॲप ग्रुपवर करता येते. फक्त मराठीत आकडा कमी धरा. आपल्याकडे "घरासमोरच्या" हा एक शब्द होतो, इंग्रजीत त्याचे चार-पाच होतात, त्यामुळे तेवढाच मजकूर आपल्याकडे कमी शब्दांत बसतो. नोकरी-संसार सांभाळून रोज सातशे-आठशे मराठी शब्द झाले तरी खूप झालं. ज्यांची अडचण "मी पहिलीच तीन प्रकरणं सारखी दुरुस्त करत बसतो" अशी आहे त्यांना हा प्रकार कुठल्याही कथास्पर्धेपेक्षा जास्त उपयोगी पडतो, मागे वळून बघायला वेळच मिळत नाही.

आपली इंदुरी मराठी आणि पुण्यातला परीक्षक

हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा आहे. बृहन्महाराष्ट्रातल्या बऱ्याच लेखकांना वाटतं की आपली मराठी हिंदीमिश्रित, "तू काय करून राहिलास" छाप, ती स्पर्धेत चालणार नाही. मग ते पुस्तकी मराठी लिहायला जातात आणि कथा अशी होते की माणसं छप्पन दुकानला उभी राहून पोहे खातायत आणि बोलतायत मात्र सदाशिव पेठेतल्यासारखी. वाचणाऱ्याला ते खोटं वाटतं, पुण्यातल्या परीक्षकालाही वाटतं.

इंदूर काही मराठी साहित्याच्या परिघाबाहेरचं गाव नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे १९१७ ला झालं, १९३५ ला झालं, २००१ ला झालं. इथल्या बोलीला कथेत यायचा पूर्ण हक्क आहे. फक्त ती जाणूनबुजून आलेली दिसली पाहिजे. म्हणजे संवादात "अरे भिया, कधीपासून वाट बघून राहिलोय" हे बिनधास्त येऊ द्या, पण निवेदन प्रमाण मराठीत असेल तर ते शेवटपर्यंत प्रमाणच ठेवा, मध्येच निवेदकानेही "तो जाऊन राहिला होता" म्हटलं की परीक्षकाला ती चूक वाटते. निवेदकच इंदुरी असेल तर मग पहिल्या ओळीपासून इंदुरी, तेही चालतं, उलट मस्त होतं. अर्धं इकडे अर्धं तिकडे तेवढं नको. कादंबरीचा निवेदक कुठल्या मराठीत बोलणार हे ठरत नसेल तर हीच अडचण घेऊन स्पर्धेला जा: एकच प्रसंग दोन्ही भाषांत लिहा, जो मोठ्याने वाचायला सोपा जातो तो पाठवा. दोनशे पानं लिहून झाल्यावर हा निर्णय बदलणं फार जड जातं, दहा पानांत बदलणं काहीच नाही.

शुद्धलेखनाचं मात्र मनावर घ्या. मराठीचे नियम एकूण अठरा आहेत, १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार, एका संध्याकाळी वाचून होतात. आपल्याकडे हिंदी माध्यमात शिकलेल्यांची ऱ्हस्व-दीर्घाची गडबड होते ती मुख्यतः शब्दाच्या शेवटच्या अक्षरात, हिंदीत "गुरु", मराठीत "गुरू", हिंदीत "कवि", मराठीत "कवी". तेवढं एक तपासलं तरी पानाचं रूप बदलतं.

पाठवताना

नियम नीट वाचा हे सगळेच सांगतात, मी फक्त जिथे खरोखर घोळ होतो तेवढं सांगते.

बहुतेक चांगल्या स्पर्धांमध्ये परीक्षकाकडे लेखकाचं नाव जात नाही. नाव-पत्ता वेगळ्या पानावर, कथेच्या पानांवर कुठेही नाव नको, आणि फाइलच्या नावातही नको. ही अट कादंबरीकारासाठी फार मोलाची आहे, कारण आयुष्यात पहिल्यांदा असा वाचक मिळतो ज्याला तुम्ही कोण, कुणाची सून, कुठल्या बँकेत होता हे काही माहीत नाही. त्याच्यासमोर फक्त पानं आहेत. आपल्यासारख्या शहरात जिथे मराठी माणूस मराठी माणसाला ओळखतोच, तिथे असा वाचक सहजी मिळत नाही.

फॉन्ट. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली फाइल समोरच्याकडे उघडली की नुसती अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्येच टाइप करा, फोनवरच्या मराठी कीबोर्डने केलं तरी चालतं, आणि सोबत पीडीएफ मागितली असेल तर ती दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडून बघा. बोलून टाइप करत असाल तर "आणि" चं "आणी", "नि" चं "नी" झालंय का बघा.

अप्रकाशित या शब्दाचा अर्थ आता रुंदावलाय. फेसबुकवर टाकलेली, ॲपवर टाकलेली, ग्रुपच्या ई-अंकात आलेली कथा बऱ्याच स्पर्धा प्रकाशित धरतात. म्हणून ज्या प्रकरणावर तुमची खरी भिस्त आहे ते आधी भिंतीवर टाकू नका. लाइक मिळतात, पण ते प्रकरण स्पर्धेसाठी बाद होतं.

हक्कांचं जरा सविस्तर. तुम्ही लिहिलं त्या क्षणी कॉपीराइट तुमचा असतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही, आणि तो तुमच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं टिकतो. स्पर्धेच्या नियमांत "सर्व हक्क आयोजकांकडे राहतील" असं वाक्य असेल तर कथा साधी असताना कदाचित सोडून द्याल, पण ते तुमच्या कादंबरीतलं प्रकरण असेल तर तिथे थांबा. आयोजकांना मेल करून विचारा की फक्त अंकात एकदा छापण्याचा हक्क हवाय की कायमचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो, आणि त्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. म्हणून काहीही सही करताना मुदत आणि पुस्तकरूपाचा हक्क या दोन गोष्टी बघायच्याच. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही, आणि जो रागावेल त्याच्याकडे तसंही पाठवायचं कारण नाही.

पैसे. थोडं प्रवेश शुल्क असणं गैर नाही, परीक्षकांचं मानधन, टपालखर्च कुठून तरी यायला लागतो. पण "तुमची कथा निवडली गेली आहे, संग्रहात छापण्यासाठी आता इतक्या प्रती विकत घ्या" असं पत्र आलं तर ती स्पर्धा नव्हती, ते पुस्तकविक्रीचं काम होतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे गेल्या वर्षीचे विजेते आणि परीक्षक कोण होते हे कुठे जाहीर केलंय का ते बघणं.

इंग्रजीत अनुवाद करून देणारं कुणी जवळचं असेल तर कॉमनवेल्थ शॉर्ट स्टोरी प्राइझकडे जरूर बघा, प्रवेश मोफत असतो, २००० ते ५००० शब्द, आणि अनुवादित कथाही चालते. आपलं लेखन दुसऱ्या भाषेत जाताना कुठलं वाक्य मुळातच पोकळ होतं ते लख्ख दिसतं, हा फायदा निकालापेक्षा मोठा.

निकाल लागल्यावर

निकाल आला की पहिले दोन दिवस काही करू नका. तिसऱ्या दिवशी विजेती कथा मिळवून वाचा, आणि "माझ्यापेक्षा चांगली आहे का" हा प्रश्न बाजूला ठेवून वाचा. जी अडचण तुम्ही घेऊन गेला होतात तीच त्या लेखकाने कशी हाताळलीये ते बघा. तुमची अडचण संवादाची होती ना, मग त्याचे संवाद पेन्सिलीने अधोरेखित करा, कोण किती शब्द बोलतंय मोजा, प्रश्नाला सरळ उत्तर किती वेळा दिलंय बघा. बहुतेक वेळा चांगल्या संवादात सरळ उत्तर मिळतच नाही.

परीक्षकांचं मनोगत छापलं असेल तर ते जपून ठेवा. त्यात कुणाचं नाव घेऊन लिहिलेलं नसतं पण "अनेक कथांमध्ये पहिलं पान नुसत्या निसर्गवर्णनात गेलं" असं काहीतरी असतं, आणि तुमची कथा त्या अनेकांत होती का हे तुम्हाला माहीत असतं. एका परीक्षकाचं मत म्हणून मात्र कादंबरी बदलू नका. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून तीच गोष्ट ऐकू आली तर बदला.

आणि कथा परत कादंबरीत घालताना जशीच्या तशी चिकटवू नका, कथेचा शेवट कथेला पुरेसा असतो, कादंबरीत तो दार बंद करून टाकतो. शेवटचा परिच्छेद काढून तिथून पुढचं प्रकरण सुरू होतंय का बघा.

सारख्या स्पर्धाच लढवत राहण्याचीही सवय लागते हं, दोन हजार शब्दांत सगळं बसवायची इतकी सवय होते की लांब श्वासच घेता येत नाही. म्हणून वर्षाला तीन-चार स्पर्धा पुरे. कादंबरी वाहायला लागली, रोज पानं होतायत, तर समोर कितीही मोठी स्पर्धा आली तरी सोडून द्या, पुढच्या वर्षी परत येणारच आहे ती.

खर्डा पूर्ण झाला की मात्र पुढच्या पायऱ्या बघायला घ्या. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे, हस्तलिखित पाठवायचं असतं, तिथलं वाचन हीसुद्धा एक परीक्षाच. वय तीसच्या आत असेल तर नॅशनल बुक ट्रस्टमार्फत चालणारी पीएम-युवा योजना आहे, २०२१ च्या पहिल्या आवृत्तीत ७५ जण निवडले होते, सहा महिने दरमहा ५०,००० रुपये आणि मार्गदर्शक मिळतो, पण तिथे विषय ठरवून दिलेले असतात तेव्हा आपल्या कादंबरीचा त्यात मेळ बसतो का ते आधी बघा. पुस्तक निघाल्यावर महाराष्ट्र शासनाच्या राज्य वाङ्मय पुरस्कारांमध्ये पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा वेगळा पुरस्कार आहे, आणि पस्तिशीच्या आतल्यांसाठी साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार. भोपाळची मराठी साहित्य अकादमीही आपल्या मध्य प्रदेशातल्या मराठीसाठीच आहे, तिच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा.

प्रकाशकाला पत्र लिहाल तेव्हा सगळ्या स्पर्धांची यादी जोडू नका. अंतिम फेरीत गेलेल्या किंवा छापून आलेल्या दोन-तीन कथा, कुठल्या अंकात, कुठल्या वर्षी, एवढंच एका ओळीत. त्यातलं एखादं प्रकरण याच कादंबरीतलं असेल तर तेही स्पष्ट लिहा आणि त्याचे हक्क तुमच्याकडेच आहेत हेही. मग एका पानाचा सारांश, पहिली तीन प्रकरणं, आणि फोन नंबर.